बॉक्सिंगवाल्या आप्पाचं दुकान : दाढी पाचपैकी चार, वाद पाचपैकी पाच

मी मालगाडीचा लोको पायलट. ड्युटीला ना वेळ ना काळ, त्यामुळे माझ्या दाढ्या घरी कमी आणि बाहेर जास्त झाल्या. मनमाड, इगतपुरी, बडनेरा, खंडवा, जिथे जिथे रनिंग रूम (ड्युटीनंतर आमची विश्रांतीची जागा) तिथे तिथे बाहेर पडून कुठल्या ना कुठल्या खुर्चीत बसलोय. गालावर तीस वर्षांचा अनुभव आहे. म्हणून भुसावळच्या या दुकानाबद्दल लिहायचा थोडा अधिकार आपल्याला आहे असं मी समजतो.

जामनेर रोडच्या आतल्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून, दोन खुर्च्यांचं कटिंगचं दुकान. पाटीवर पूर्वी नाव होतं, ते उन्हानं खाल्लं. आता फक्त 'हेअर' उरलंय. नावावाचून कुणाचं अडत नाही. 'बॉक्सिंगवाल्या आप्पाकडे' म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात सोडतो.

आधी कामाचं. दाढी ५० रुपये, कटिंग ८०, दोन्ही मिळून १२०. ब्लेड तुमच्यासमोर कागदातून काढून, अर्धी मोडून वस्तऱ्यात बसवतो. फेस ब्रशनंच करतो, फवाऱ्याचा डबा दुकानात नाही. शेवटी तुरटी आणि गार पाण्याचा हात. कानामागचं मशीन जरा बोथट झालंय, केस ओढतं. कूलर आहे, पण त्याचं तोंड दुसऱ्या खुर्चीकडे. मे महिन्यात भुसावळला जाणार असाल तर दुसऱ्याच खुर्चीचा नंबर लावा, तिथे आप्पाचा मुलगा असतो, हात हलका आहे. पहिल्या खुर्चीचं रेक्झिन फाटलंय, पँटच्या मागच्या खिशात त्याचे तुकडे घरी येतात. सोमवारी बंद.

एवढ्यासाठी कुणी दोन पानं लिहिणार नाही. लोक तिथे जातात ते पाटीसाठी. शाळेतली काळी पाटी असते तशी. आरशाच्या डाव्या हाताला खिळ्याला टांगलेली.

आप्पा मूळचा अमळनेरकडचा. फौजेत न्हावी म्हणून सतरा वर्षं काढली आणि तिथे कंपनी-कंपनीतल्या बॉक्सिंगच्या लढती बघून बघून त्याला हे वेड लागलं. स्वतः कधी ग्लोव्हज घातले नाहीत. "मी फक्त फुटलेल्या भुवयावरले केस कापेल शेत," असं त्याच्या अहिराणीत सांगतो. दर मंगळवारी पाटीवर आठवड्याची लढत लिहितो. वेगवेगळ्या काळातले दोन बॉक्सर, जे कधी समोरासमोर आले नाहीत, येणं शक्यही नव्हतं. खाली तीन ओळी : किती राऊंडची, ग्लोव्हज किती औंसाचे, वजन कधी केलं. आठवडाभर गिऱ्हाईक मत देतं, आणि शनिवारी संध्याकाळी आप्पा निकाल सांगतो. निकालाला कुणी मान देत नाही, पण ऐकायला सगळे येतात.

दुकानात नवीन माणूस आला आणि त्यानं तोंड उघडून "अली भारी का टायसन?" असं विचारलं, की आप्पा ब्रश फिरवता फिरवता म्हणतो, "कितला राऊंडनी?" जसं आपल्याला विचारतो, किती बारीक करायचे. उत्तर दिल्याशिवाय तो पुढे बोलत नाही.

सुरुवातीला मला हा त्याचा चावटपणा वाटायचा. मी पक्का टायसनवाला. १९८८ साली मी अठरा वर्षांचा होतो, आणि त्यानं मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं ते मी व्हिडिओ पार्लरमध्ये भाड्याच्या कॅसेटवर पाहिलं. कॅसेट सुरू व्हायला जेवढा वेळ लागला तेवढाही लढतीला लागला नाही. त्यानंतर माझ्या लेखी जगात दुसरा बॉक्सर नव्हता. विसाव्या वर्षी हेवीवेटचा चॅम्पियन झालेला, आजवरचा सगळ्यात लहान. आमच्यात आणि त्याच्यात चार वर्षांचं अंतर, आणि तो कुठे अन् आम्ही कुठे. आप्पा यावर एवढंच म्हणाला, "अठराव्या वर्षी माले कोणी दाखाडतं तर मीबी त्यालेच देव मानतु." मला राग आला, कारण बरोबर होतं. पुढे बारकाईनं बघितलं तेव्हा दिसलं की त्या दुकानात प्रत्येकाचा देव त्याच्या मिसरूडाच्या वयातला आहे. सत्तरीचे नाना अलीवाले. माझ्या वयाचे टायसनवाले. इंजिनीअरिंगचा एक पोरगा येतो, तो मेवेदरवाला. ज्याला कधी मिसरूड फुटताना बॉक्सिंग बघायला मिळालं नाही, असा एक आप्पाच. तो 'जो लुई' या जुन्या बॉक्सरचं नाव घेतो, ज्याला त्यानं फक्त फिल्मवर पाहिलंय.

दाढी पाचपैकी चार का, ते इथेच सांगून टाकतो. एका मंगळवारी पाटीवर टायसन होता. वस्तरा माझ्या गळ्यावर. आप्पा सहज म्हणाला, टोकियोत टायसन हरला तो हरलाच, त्यात वाद नाही. ११ फेब्रुवारी १९९०, बस्टर डग्लस, दहावा राऊंड. मी वस्तरा विसरलो आणि उसळून म्हणालो, "आठव्या राऊंडला डग्लस खाली पडला होता, पंचाची मोजणी लांबली!" हनुवटीखाली रक्त आलं. तुरटी लावता लावता आप्पा म्हणे, "मोजणी लांबनी का नही ते राहू द्या, तुमनी मान लांबनी." त्या भानगडीत डावा कल्ला उजव्यापेक्षा अर्धा बोट वर गेला. घरी बायकोनं आठ दिवस मला सरळ बघितलं नाही. मान हलवली मी, हे मान्य. पण गळ्यावर वस्तरा असताना गिऱ्हाइकाच्या देवाला हात घालू नये, हेही धंद्याच्या नियमात बसायला हवं. एक तारा गेला तो त्या कल्ल्यापायी.

आता ती पाटीवरची पहिली ओळ. पूर्वी विजेतेपदाची लढत पंधरा राऊंडची असायची, आता बाराची. दुकानातले म्हातारे 'पंधराची ती खरी' असं छाती काढून म्हणतात. अली आणि फ्रेझर १९७१ च्या मार्चमध्ये पंधरा राऊंड लढले, पंधराव्यात फ्रेझरच्या डाव्या हातानं अली पडला, उठला आणि तरी हरला. बाराची असती तर तो फटका झालाच नसता. नाना हे ऐकवतात तेव्हा दुकान गप्प होतं.

एकदा असंच चाललेलं असताना आप्पानं वस्तरा पुसून खाली ठेवला आणि कोरियाच्या किम डुक-कूचं सांगितलं. १३ नोव्हेंबर १९८२, लास वेगास, समोर रे मॅन्सिनी. चौदाव्या राऊंडला किम पडला, कसाबसा उठला, पंचानं लढत थांबवली, आणि काही दिवसांनी दवाखान्यात त्याचा जीव गेला. त्यानंतर आधी एका संघटनेनं आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्यांनी पंधराच्या बारा केल्या. "तेरावा, चौदावा, पंधरावा, हे तीन राऊंड मागताना त्याचं नाव घ्या आणि मग मागा," आप्पा असं अगदी साध्या मराठीत म्हणाला, अहिराणी सोडून. नानांनी टोपी काढून परत घातली. त्या आठवड्याची लढत मग बाराची झाली.

दुसरी ओळ ग्लोव्हजची. आज हेवीवेटला दहा औंसाचे. जुन्या काळात त्याहून हलके, हाताला चिकटून बसणारे. यावर मी जास्त बोलत नाही. आप्पाचा मुलगा एकदा दोन्ही हातांत दोन वजनाचे टॉवेल गुंडाळून दाखवत होता, त्यात कूलरचं झाकण तुटलं, ते अजून दोरीनं बांधलेलं आहे.

तिसरी वजनाची, आणि ही मला सगळ्यात खरी वाटली, कारण आमच्या धंद्यात लोड म्हणजे सगळं. पूर्वी वजन लढतीच्या दिवशीच व्हायचं. आता आदल्या दिवशी होतं. त्यामुळे पाणी तोडून, घाम काढून माणूस काट्यावर हलका उतरतो आणि दुसऱ्या रात्री कित्येक किलो भरून रिंगणात येतो. म्हणजे कागदावर दोघं एकाच वजनाचे, पण आजचा वेल्टरवेट १९४६ च्या वेल्टरवेटसमोर उभा केला तर तो त्याहून जड गटातल्या एखाद्या मिडलवेटएवढा भरेल. गाडीच्या कागदावर एक टनेज आणि मागे ओढायला दुसरं, अशी गत. हेवीवेटला हा प्रश्न नाही, तिथे वरची मर्यादाच नसते.

इंजिनीअरिंगवाल्या पोराशी आप्पाची जी जुंपली ती याच ओळीवरून. पाटीवर शुगर रे रॉबिन्सन विरुद्ध फ्लॉइड मेवेदर. पोरगा म्हणाला, "काका, यात काय बघायचं? मेवेदर ५० लढती, ५० विजय. रॉबिन्सन १९ वेळा हरलाय. हिशोब सरळ आहे." बाकावरच्या दोघातिघांनी मान डोलावली. शून्य हा आकडा माणसाला फार आवडतो. सातबारा कोरा असल्यासारखं वाटतं.

आप्पानं पोराचे केस तिथेच अर्धवट ठेवले. अर्धं डोकं कापलेलं असल्यामुळे त्याला उठून जाता येईना, आणि पुढची वीस मिनिटं त्याला ऐकावं लागलं. रॉबिन्सन एकूण दोनशेच्या आसपास लढती लढला. १९४० ला सुरुवात केली आणि १९५१ च्या उन्हाळ्यात टर्पिननं हरवेपर्यंत त्याची हार एकच, १९४३ ची, जेक लामोटाकडून. आणि लामोटा त्याच्यापेक्षा वजनानं मोठा. त्याच लामोटाला त्यानं पाच वेळा हरवलं. मिडलवेटचं विजेतेपद पाच वेळा मिळवलं. बाकीच्या बहुतेक हारी उतारवयातल्या. पंचेचाळिशीला टेकेपर्यंत तो पैशासाठी लढत राहिला. "आता मेवेदरचा पन्नासावा सांग." पोरगा हळूच म्हणाला, "मॅकग्रेगर." म्हणजे २०१७ सालचा असा गडी, ज्याची व्यावसायिक बॉक्सिंगमधली ती पहिलीच लढत होती. "मग रॉबिन्सननं चाळिसाव्याला कात्री लावली असती तर त्याचा सातबाराबी कोराच दिसता ना?"

पोरगा कच्चा नव्हता. तो म्हणाला, काका, मग मार्सियानोचं ४९-० तुम्ही भिंतीवर का लावलंय? त्यानं तरी जो लुईला हरवलं तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता. दुकानात एकदम हशा. आप्पानं कात्री उचलली आणि मुकाट्यानं उरलेलं डोकं कापलं. शनिवारी निकाल सांगताना मात्र नवी पद्धत काढली, आणि ती आजतागायत चालू आहे : प्रत्येक लढत दोनदा मांडायची. एक त्याच्या घरी, एक याच्या घरी. रॉबिन्सनच्या घरी म्हणजे पंधरा राऊंड, वजन त्याच दिवशी. मेवेदरच्या घरी म्हणजे बारा राऊंड, वजन आदल्या दिवशी. पहिलीत रॉबिन्सन, दुसरीत मेवेदर गुणांवर. पोराचं समाधान झालं, नानांचं झालं नाही.

ही घरची-बाहेरची पद्धत मला पटली याला कारण आमचे बाबा. १९६२ साली भुसावळला फायरमन म्हणून लागले, कोळशाच्या इंजिनावर. पुढे ड्रायव्हर झाले. आमच्या घरात हा वाद मी लहानपणापासून ऐकलाय : स्टीमवाला खरा ड्रायव्हर, वायरीखालचा नुसता बटणं दाबतो. मी डब्ल्यूएजी-९ हे विजेवरचं इंजिन चालवतो, सहा हजार हॉर्सपॉवर, एसी केबिन. बाबांना तिथे बसवलं तर स्क्रीन बघून गांगरतील. आणि मला त्यांच्या फुटप्लेटवर उभं केलं, फावडं हातात दिलं, तर पहिल्याच चढाला माझी स्टीम पडेल आणि गाडी मध्येच उभी राहील. आता सांगा, भारी कोण? हे आम्ही कधी दोनदा मांडून पाहिलं नव्हतं. दिवाळीला नुसते भांडायचो.

बाबांना मी आप्पाकडे नेलं मागच्या थंडीत. वय ८३, घरी माझ्या हातून दाढी करून घ्यायचे, माझे हात थरथरतात म्हणून त्यांची तक्रार. (माझे थरथरतात, त्यांचे नाही.) टीव्हीवर त्या दिवशी जॅक डेम्प्सीची जेस विलार्डशी झालेली लढत लावलेली. ४ जुलै १९१९, टोलेडो. पहिल्याच राऊंडमध्ये विलार्ड सात वेळा पडला. डेम्प्सी असा काही सुसाट धावत होता की बाकावरचे सगळे आ वासून बघत होते. कुणी म्हणालं, टायसनपेक्षा दुप्पट वेग आहे, शंभर वर्षांपूर्वीचा माणूस बघा, काय खाणं असेल!

बाबांच्या अर्ध्या गालावर फेस. ते आरशातून टीव्ही बघत होते. म्हणाले, "माणूस नाही पळत, पिच्चर पळतोय."

कुणाला कळेना. बाबा म्हणे, त्या मधल्या पंचाकडे बघा. जाडसर बाप्या आहे, तो असा टुकूटुकू चालेल का? मागे बसलेली माणसं बघा, टोपी कशी हलवतात. सगळी दुनियाच घाईत आहे, एकटा डेम्प्सी नाही.

बाबांच्या इंजिनावर वेगाचा काटा धड चालायचा नाही. रुळाचे सांधे मोजून, तारेचे खांब मोजून ते वेग सांगायचे. इंजिनाकडे न बघता बाहेर बघायचं, ही त्यांची सवय. आप्पाच्या मुलानं मोबाईलवरून व्हिडिओचा वेग पाऊण केला. पंच माणसासारखा चालायला लागला, टोप्या माणसांसारख्या हलायला लागल्या, आणि डेम्प्सी एक चांगला दणकट, घाईतला तरुण झाला. त्या काळात कॅमेरे हातानं फिरवायचे, सेकंदाला सोळा-अठरा चित्रं. नंतरच्या मशीनवर तीच चोवीसनं पळवली की सगळेच वारा प्यायल्यासारखे. आप्पाला हे फौजेत कुणी सांगितलं नव्हतं. वीस वर्षं तो डेम्प्सीच्या वेगाला गुण देत आला होता. त्यानं बाबांच्या गळ्याखालचा वस्तरा बाजूला केला आणि टीव्हीकडे बघत राहिला.

विलार्ड तरीही सात वेळा पडला, ते काही कमी झालं नाही. पण वेग कमी केल्यावर आणखी एक दिसलं. विलार्ड उठायच्या बेतात असताना डेम्प्सी त्याच्या डोक्यावरच उभा असायचा, गुडघा जमिनीवरून सुटला की पुढचा फटका. समोरचा पडला की लांब कोपऱ्यात जाऊन थांबायचा नियम तेव्हा नव्हता. आठ वर्षांनी, १९२७ ला शिकागोत, नियम आलेला आणि डेम्प्सी कोपऱ्यात जायला विसरला. पंचानं तोवर मोजणी सुरू केली नाही, आणि समोर पडलेल्या जीन टनीला उठायला दहाऐवजी चौदाएक सेकंद मिळाले. टनी उठला आणि जिंकला. सवय जुन्या घरची, लढत नव्या घरी. बाबा म्हणाले, "सिग्नल बदलला तरी जुना ड्रायव्हर जुन्याच खांबाकडे बघतो." आणि मग मला उद्देशून, "माझं म्हणत नाहीये."

भिंतीबद्दल सांगायचं राहिलं. सिनेमाच्या हिरोंचे कटिंगचे फोटो या दुकानात नाहीत. लुई, रॉबिन्सन, मार्सियानो, अली, फ्रेझर. मग फौजेचा कोपरा : हवा सिंग, १९६६ आणि १९७० च्या एशियाडचं हेवीवेटचं सोनं. शेजारी कौर सिंग, १९८२ च्या दिल्ली एशियाडचं सोनं, जो १९८० ला दिल्लीत अलीबरोबर प्रदर्शनीय लढतीत उतरला होता. त्यावरून कुणी 'कौर सिंग अलीला पुरून उरला' म्हणालं तर आप्पा चिडतो. प्रदर्शनीय ते प्रदर्शनीय, त्याला पाटी नाही.

एक चौकट रिकामी आहे. काच आहे, फोटो नाही, खाली खडूनं 'हॅरी ग्रेब'. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं. ग्रेब तीनशेच्या आसपास लढती लढला, एका डोळ्यानं दिसेनासं झाल्यावरही लढला, आणि जीन टनीला व्यावसायिक लढतीत हरवणारा तो एकटा. पण त्याच्या एकाही लढतीची फिल्म आज नाही. आप्पा म्हणतो, ज्याची फिल्म नाही त्याला लोक यादीतून काढतात, जशी काही चूक त्याचीच. म्हणून चौकट. ग्रेब पाटीवर आला की मात्र सगळ्यांची पंचाईत होते; वर्तमानपत्रातल्या जुन्या वर्णनांवर किती भिस्त ठेवायची? मी दर वेळी त्यालाच मत देतो. का ते मलाही सांगता येत नाही.

आणि एक मेरी कोम. तो फोटो आप्पाच्या नातीनं लावला. ती नववीत आहे, संध्याकाळी गल्ल्याशेजारी बसून गृहपाठ करते आणि हिशोब चुकला की आजोबांना टोकते. तिनं विचारलं, सहा वेळा जगज्जेती आहे, तुमच्या पाटीवर का नाही? आप्पाकडे उत्तर नव्हतं. मग एका आठवड्यात मेरी कोम विरुद्ध निखत झरीन लागली. पोरगी म्हणाली, हे तर झालंय! खरंच झालंय : डिसेंबर २०१९, ऑलिंपिक पात्रतेसाठीची निवड चाचणी, मेरी ३६ पार केलेली, निखत २३ ची, निकाल ९-१ मेरीकडे. दोन पिढ्या समोरासमोर आल्या अशी तेवढी एक लढत पाटीवर येऊन गेली. वर नातीनं आजोबांच्याच ओळीनं त्यांना गाठलं : मेरीची जगज्जेतेपदं ४५ ते ४८ किलोंतली, पण २०१२ च्या ऑलिंपिकला महिलांसाठी ५१ च्या खाली गटच नव्हता. तिला वर चढून लढावं लागलं, तरी कांस्य आणलं. "म्हणजे ती सगळी लढत दुसऱ्याच्या घरी झाली, आबा." बाकावर एक यावलकडचे केळीवाले बसले होते, त्यांनी पोरीला दहाची नोट दिली.

तेच केळीवाले नेहमी कुस्तीवर घसरतात. मातीतला पैलवान आणि मॅटवरचा, त्यांचं रडगाणं. आमचा चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, २०१४, १५, १६. तो जुन्या पैलवानांपुढे टिकला असता का? आप्पा यात पडत नाही. कुस्तीचं दुकान वेगळं, म्हणतो.

हसायला हवं असेल तर अली-मार्सियानोची 'कम्प्युटरची लढत' कधी लागते ते विचारून जा. १९६९ साली दोघांना रिकाम्या स्टुडिओत उभं करून शेवट वेगवेगळे चित्रित केले, आणि जानेवारी १९७० ला थिएटरात दाखवलं. कम्प्युटरनं ठरवलेला निकाल म्हणे. अमेरिकेत दाखवला त्यात मार्सियानो तेराव्या राऊंडला जिंकला. युरोपात दाखवला त्यात अली. अलीचा परवाना तेव्हा काढून घेतलेला, घरी बसून होता; मार्सियानो निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली, त्यानं वजन उतरवलं आणि टक्कल झाकायला टोप घातला. तो टोप आला की आप्पा व्हिडिओ थांबवून टोपाच्या कामावर दहा मिनिटं बोलतो. कडा कशी चिकटवली, घामानं कुठे सुटायला आली. त्याच्या मते हा निकाल कम्प्युटरनं नाही, तिकीट खिडकीनं दिला. फिल्म लागायच्या आधीच मार्सियानो विमान अपघातात गेला, त्यामुळे कुठला शेवट लावला हे त्याला बघायला मिळालं नाही.

गर्दीचा अनुभव एकच वाईट. १६ नोव्हेंबर २०२४, शनिवारी सकाळी टायसन आणि जेक पॉल. टायसन ५८ चा, समोरचा २७ चा. दुकानात उभं राहायला जागा नाही, मोबाईलचं चित्र टीव्हीवर जोडलेलं, आणि ऐन वेळी ते गोल गोल फिरायला लागलं. दिसलं तेवढं बघितलं. आप्पानं पाटीवर अटी लिहून ठेवल्या होत्या : आठ राऊंड, प्रत्येकी दोन मिनिटं, ग्लोव्हज चौदा औंसाचे. टायसन गुणांवर हरला. इंजिनीअरिंगवाला माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होता. पाटीकडे बघितलं आणि गप्प बसला. त्या दिवशी कुणाचीच दाढी झाली नाही, पण आप्पानं बाकावरच्या सगळ्यांना चहा सांगितला, तोही अर्धा कटिंग.

जाणार असाल तर मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी जा, लढत ताजी असते आणि नंबर लागत नाही. शनिवारी संध्याकाळी दाढीसाठी जाऊ नका, ऐकायला जा. सुटे पैसे न्या. स्कॅनचा कागद आहे, पण तो लुईच्या फोटोखाली चिकटवलाय आणि तिथे मोबाईल धरला की कुणीतरी लुईबद्दल विचारतंच. लहान मुलांचे केस मुलाकडून कापून घ्या. आणि मशीनची धार लावून घ्या, आप्पा, हे तुम्ही वाचत असाल तर.

या आठवड्याला पाटीवर जो लुई विरुद्ध ओलेक्सांडर उसिक आहे. एक बारा वर्षं विजेतेपद राखून पंचवीस वेळा ते वाचवणारा, दुसरा २०२४ ला रियाधमध्ये स्वतःपेक्षा कितीतरी जड टायसन फ्युरीला हरवून सगळे पट्टे गोळा करणारा. वजनाच्या ओळीत आप्पानं लिहिलंय, 'जो जसा येईल तसा'. शनिवारी मला रात्रीची खंडव्याची गाडी आहे, निकाल ऐकायला मिळणार नाही. चिठ्ठी लिहून गल्ल्यात टाकून आलोय. लुईच्या घरी, पंधराची : लुई, चौदाव्यात. उसिकच्या घरी, बाराची : उसिक, गुणांवर. बाबांनी पण एक चिठ्ठी टाकलीय. दाखवली नाही.